हातात रायफल आणि विरोध कायद्याला: व्हर्जिनियातल्या बंदूकधारकांना भीती नेमकी कशाची होती?

२० जानेवारी २०२०. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याची राजधानी रिचमंड. कडाक्याच्या थंडीत विधान भवनाभोवती सुमारे २२ हजार लोक जमले होते. त्यातल्या अनेकांच्या खांद्यावर रायफली होत्या, आणि त्या कायदेशीर होत्या.

राज्यपाल राल्फ नॉर्थम यांनी आणीबाणी जाहीर करून विधान भवनाच्या आवारात शस्त्रबंदी केली होती. त्यामुळे सुमारे ६ हजार लोक तपासणी करून आत गेले आणि बाकीचे आपापली शस्त्रं घेऊन बाहेरच्या रस्त्यांवर थांबले. दंगल होईल अशी भीती होती. प्रत्यक्षात एकही गोळी चालली नाही.

पण एवढे लोक कशाला विरोध करत होते? आणि त्या विरोधाचं पुढे काय झालं? समजून घेऊया.

सुरुवात कुठून झाली?

३१ मे २०१९ रोजी व्हर्जिनिया बीच शहरात महापालिकेच्याच एका कर्मचाऱ्याने कार्यालयात गोळीबार केला. त्यात १२ जणांचा जीव गेला. नॉर्थम यांनी जुलैमध्ये विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं. तेव्हा बहुमत रिपब्लिकन पक्षाकडे होतं. एकही कायदा न करता ते अधिवेशन दीड तासात गुंडाळण्यात आलं.

नोव्हेंबरच्या निवडणुकीत चित्र पालटलं. दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेली आणि बंदुकीचे कायदे कडक होणार हे स्पष्ट झालं. ज्या राज्यात नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या बलाढ्य संघटनेचं मुख्यालय आहे, तिथेच हे घडत होतं.

प्रस्ताव काय होते?

- बंदुकीच्या प्रत्येक विक्रीआधी, अगदी दोन खासगी व्यक्तींमधल्या व्यवहारातही, खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासणं
- एका व्यक्तीला महिन्याला एकच हँडगन विकत घेता येणं
- बंदूक हरवली किंवा चोरीला गेली तर ४८ तासांत पोलिसांना कळवणं
- स्वतःला किंवा इतरांना धोका ठरू शकणाऱ्या व्यक्तीची बंदूक आदेश काढून तात्पुरती काढून घेणं, म्हणजेच 'रेड फ्लॅग' कायदा
- लष्करी धाटणीच्या 'असॉल्ट' रायफलींवर बंदी

यात आक्षेप घेण्यासारखं काय होतं?

आपल्याला हा प्रश्न पडतो, कारण आपल्याकडे बंदूक हा हक्क नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार सरकार परवाना देतं आणि तो रद्दही करू शकतं. निवडणूक आली की परवानाधारकांना शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितलं जातं, आणि आपल्याला ती बातमी नेहमीचीच वाटते.

अमेरिकेत गणित उलटं आहे. १७९१ सालच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला. हा हक्क व्यक्तीचा आहे, असं सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये 'हेलर' खटल्यात स्पष्ट केलं. हा हक्क अमर्याद नाही, हेही त्याच निकालात म्हटलं होतं. वाद आहे तो ही मर्यादा कुठे आखायची याचा.

बंदूकधारकांचे मुख्य मुद्दे तीन होते.

पहिला: गुन्हेगार कायदा पाळत नाहीत, मग त्रास होतो तो नियमाने वागणाऱ्यांना. व्हर्जिनिया बीचच्या हल्लेखोराने बंदुका कायदेशीर मार्गानेच घेतल्या होत्या. मग नव्या तपासणीने तो थांबला असता का, असा त्यांचा सवाल होता.

दुसरा: ग्रामीण भागात पोलीस यायला वेळ लागतो. तोवर स्वतःचं रक्षण स्वतःच करावं लागतं.

तिसरा आणि सगळ्यात खोलवरचा: आज नोंद, उद्या जप्ती. असॉल्ट रायफलींच्या मूळ विधेयकात अशी शस्त्रं जवळ बाळगणंही गुन्हा ठरणार होतं. ज्यांच्याकडे आधीच आहेत त्यांना नोंदणी करून ठेवता येतील, असं सरकारने नंतर सांगितलं. पण तोवर विश्वास उडाला होता. म्हणून आक्षेप फक्त एखाद्या कलमापुरता नव्हता. प्रत्येक कायदा हा जप्तीकडे नेणारी पुढची पायरी आहे, असं त्यांना वाटत होतं.

समर्थकांचं म्हणणं काय होतं?

एकही कायदा प्रत्येक हत्याकांड थांबवणार नाही, हे त्यांनाही मान्य होतं. पण अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. खचलेल्या माणसाच्या हाताजवळची बंदूक काही दिवस दूर ठेवली, तर जीव वाचू शकतो. रेड फ्लॅग कायद्यामागचा विचार हाच होता.

विरोधकांना मात्र हाच कायदा सर्वात जास्त खटकत होता. कारण पहिला, म्हणजे १४ दिवसांपर्यंतचा आदेश बंदूकमालकाचं म्हणणं न ऐकताच निघू शकतो. त्याची बाजू त्यानंतरच्या सुनावणीत ऐकली जाते. एका बाजूला जीव आणि दुसऱ्या बाजूला न्याय्य सुनावणीचा हक्क, असा हा खरा पेच आहे.

'सँक्च्युअरी' काउंटी म्हणजे काय?

काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग. व्हर्जिनियातल्या ९५ पैकी ९० च्या आसपास काउंटींनी ठराव केले, की घटनाबाह्य वाटणारे शस्त्र कायदे राबवण्यासाठी आम्ही मदत करणार नाही. 'सँक्च्युअरी' म्हणजे आश्रयस्थान. गंमत म्हणजे हा शब्द आला होता स्थलांतरितांना संरक्षण देणाऱ्या, बहुतेक डेमोक्रॅटिक शहरांकडून.

राज्याचे ॲटर्नी जनरल मार्क हेरिंग यांनी या ठरावांना कायदेशीर अर्थ नाही, असं मत दिलं. तरीही कल्पेपर काउंटीचे शेरीफ स्कॉट जेंकिन्स यांनी गरज पडल्यास हजारो नागरिकांना उपशेरीफ करू, असं जाहीर केलं. पुढे पैसे घेऊन लोकांना असेच बिल्ले दिल्याच्या वेगळ्या प्रकरणात ते २०२४ मध्ये लाचखोरीसाठी दोषी ठरले. २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली.

मग जिंकलं कोण?

दोघंही, थोडं थोडं. असॉल्ट रायफलींवरच्या बंदीचं विधेयक फेब्रुवारी २०२० मध्ये सिनेटच्या समितीत अडकलं. डेमोक्रॅटिक पक्षाच्याच चार सदस्यांनी त्याच्या विरोधात मत दिलं. बाकीचे चार प्रस्ताव मात्र कायदे झाले आणि १ जुलै २०२० पासून लागू झाले. महिन्याला एक हँडगन या नियमातून लपवून शस्त्र बाळगण्याचा परवाना असलेल्यांना सूट मिळाली.

आपल्याकडे असं होतं का?

योगायोगाने त्याच काळात, डिसेंबर २०१९ मध्ये आपल्या संसदेत शस्त्र कायद्याची दुरुस्ती आली होती. एका व्यक्तीकडे तीनऐवजी एकच शस्त्र असावं, असा मूळ प्रस्ताव होता. त्यावर आक्षेप आले आणि शेवटी दोन शस्त्रांची मर्यादा ठरली. वाद आपल्याकडेही झाला, पण तो किती शस्त्रं ठेवू द्यायची एवढ्यापुरता. परवानगी देणारं सरकार कोण, असं इथे कुणी विचारलं नाही. रिचमंडच्या रस्त्यावर नेमका तोच प्रश्न होता.