कागदाच्या पेठेतून

मिनो (गिफू प्रांत, जपान), ऑक्टोबर २०२५

संपादक महोदय,

दुकानातल्या आजींनी कागद माझ्या हातात ठेवला आणि खिडकीकडे बोट दाखवलं. उजेडासमोर धरून बघ, असं त्यांना म्हणायचं होतं. धरला. आतले तंतू दिसले. लांबसडक, एकमेकांत गुंतलेले, आणि तरी कुठे गाठ म्हणून नाही. त्या क्षणी मला जुन्नरच्या आमच्या घरातलं फडताळ आठवलं. त्यात मोडीतल्या कागदांचा एक गठ्ठा असायचा. कडा तपकिरी पडलेल्या, पण घडी उलगडली तर कागद मोडत नसे. “जुन्नरी आहे तो, जपून,” असं आजोबा म्हणायचे. जुन्नरी म्हणजे आपल्या गावचा, एवढंच मला तेव्हा वाटायचं. ते कागदाच्या एका जातीचं नाव होतं आणि ती जात दूरवरच्या दफ्तरांत ओळखली जायची, हे फार उशिरा कळलं.

जपानमधल्या जुन्या रस्त्यांबद्दल लिहा, असं तुमचं पत्र आलं, तेव्हा क्योतोबद्दल लिहावं असं आधी मनात होतं. तिथल्या सान्नेनझाकाच्या पायऱ्यांचे फोटो आता घरोघरी पोचले आहेत. पण जुन्नर-आंबेगावच्या वाचकांना सांगायचं तर मिनोच सांगायला हवं, कारण हे कागदवाल्यांचं गाव आहे.

नागोयाहून गाड्या बदलत मिनो-ओताला यायचं. तिथून नागारा नदीच्या खोऱ्यातून छोटी गाडी जाते. स्टेशनवरून चालत थोडं चढलं की जुनं गाव लागतं. १६००च्या सेकिगाहाराच्या लढाईनंतर कानामोरी नागाचिका या सरदाराला हा मुलूख मिळाला. नदीच्या पुराला कंटाळून त्याने गाव उचलून उंचावर वसवलं. दोन समांतर रस्ते आणि त्यांना जोडणाऱ्या चार आडव्या गल्ल्या, एवढाच आराखडा. जपानी लिपीत ‘डोळा’ या अर्थाचं अक्षर असंच दिसतं, म्हणून इथले लोक गावाच्या नकाशाला तेच नाव देतात. चारशे वर्षांत त्या रेघा हललेल्या नाहीत.

उंचावर गेल्याने पूर टळला, पण पाणी दुर्मीळ झालं आणि आगीचं भय वाढलं. घरं लाकडाची, एकाला एक लागून. एक पेटलं की ओळ जाणार. म्हणून दोन घरांच्या छपरांमध्ये, कौलांच्या वर डोकं काढणारी एक आडभिंत बांधायचे. तिला उदात्सु म्हणतात. ती बांधायला पैसा लागायचा, त्यामुळे पुढे पुढे आगीपेक्षा तिचा संबंध ऐपतीशी जास्त जोडला गेला. व्यापारी तिच्या टोकाला नक्षीची कौलं बसवू लागले. आजही आयुष्यात काही जमवू न शकलेल्या माणसाबद्दल जपानीत ‘त्याची उदात्सु काही उभी राहत नाही’ असं म्हणतात. आपल्याकडे वाड्याच्या दिंडी दरवाजावरून घराणं जोखायचे, तसंच हे.

रस्त्यावर उभं राहिलं की दोन्ही बाजूंना काळपट लाकडाच्या जाळ्या दिसतात. आतून बाहेरचं दिसावं, बाहेरून आतलं दिसू नये, अशा. एका घराच्या ओट्यावर शाळेची दप्तरं पडली होती. कोसाका घराण्याची साकेची भट्टी अठराव्या शतकातल्या इमारतीत आहे आणि धंदा चालू आहे. तिचं छप्पर आपल्याकडच्या कौलारू छपरासारखं सरळ उतरत नाही, किंचित फुगीर आहे, जणू आत कुणी श्वास भरून ठेवलाय. पलीकडे इमाई या कागदाच्या बड्या व्यापाऱ्याचा वाडा आहे. तो आता संग्रहालय झाला आहे. मागच्या अंगणात जमिनीत एक मडकं पालथं पुरलंय. त्याच्या बुडाच्या भोकातून पाण्याचा थेंब आत पडला की खालून बारीक घंटेसारखा नाद येतो. जपानच्या पर्यावरण खात्याने १९९६ साली देशातले जपण्याजोगे शंभर आवाज निवडले, त्यात हा एक आहे. आवाजही जपायचा असतो, हे सरकारी यादीत वाचून मी त्या मडक्यापाशी बराच वेळ बसून राहिले. जुन्नरच्या कल्याण पेठेतून सकाळी ऐकू येणारे आवाज आठवण्याचा प्रयत्न केला. तांबटाचा ठोका आठवला. पुढचं काही नीट आठवेना.

आता कागदाकडे येते. नारामधल्या शोसोइन या खजिन्यात इ. स. ७०२ची कुटुंबांची नोंदवही आहे. आपल्या खानेसुमारीसारखी. तिच्यातला काही कागद याच मिनो प्रांतातला. म्हणजे तेराशे वर्षांची सलग परंपरा. इथल्या ‘होन-मिनो’ जातीच्या कागदात कोझो या तुतीच्या कुळातल्या झुडपाच्या सालीखेरीज दुसरा तंतू चालत नाही. साल पाण्यात भिजवतात, शिजवतात, मग वाहत्या पाण्यात बसून तिच्यातली एकेक काळं कुसळ बोटांनी वेचतात. लगद्यात एका झाडाच्या मुळाचा चिकट रस मिसळतात, त्यामुळे तंतू पाण्यात तरंगत राहतात. जाळीची चौकट हौदात बुडवून उभी-आडवी हलवली की ताव तयार होतो. तो लाकडी फळीवर चिकटवून उन्हात वाळवायचा. युनेस्कोने २०१४ मध्ये हातकागदाच्या ज्या तीन जपानी परंपरांची नोंद केली, त्यात ही एक आहे.

आमचा जुन्नरी कागद असाच कष्टाचा होता. तो बनवणारे कागदी मुसलमान होते आणि काम कुकडीच्या पाण्यावर चालायचं. कच्चा माल वेगळा. आमच्याकडे सण, जुने दोर, गोणपाट. ते चुन्यात भिजवून कुटायचे, नदीत धुवायचे, हौदातून जाळीने ताव उचलायचे, भिंतीवर वाळवायचे. मग खळ लावून दगडाने घोटायचे, म्हणजे शाई फुटत नाही आणि बोरू अडत नाही. घोटीव कागद हा शब्द त्यातूनच आला. पुण्याच्या कसबा पेठेतला कागदीपुरा याच धंद्याच्या लोकांचा. पेशवाईचा जो कारभार आज पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधलेला आहे, तो अशाच हातकागदावर उभा आहे. मराठ्यांचा इतिहास वाचणाऱ्या प्रत्येकाने ज्या कारागिरांचे आभार मानायला हवेत, त्यांची घरं कुठे होती हे दाखवणारी एक पाटीसुद्धा मी जुन्नरात पाहिलेली नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मिनोतही हा धंदा पूर्वीसारखा नाही. मेजी काळात इथे हजारो घरं कागद करायची, आज हाताच्या बोटांवर मोजता येतील अशा काही कार्यशाळा उरल्या आहेत. गिरणीच्या कागदाने दोन्हीकडे सारखाच घाव घातला. पण इथे धंदा आटल्यावरही पेठ उभी राहिली. ती कशी, हे समजून घ्यायला मी इथे आले.

सुरुवात एका आगीतून झाली. २६ जानेवारी १९४९ रोजी होर्यूजी मंदिराच्या मुख्य दालनात आग लागली आणि तिथली भित्तिचित्रं जळाली. ज्यांची तुलना जाणकार आपल्या अजिंठ्याशी करत आले, ती चित्रं. देश हादरला. पुढच्याच वर्षी सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा झाला. आजही २६ जानेवारीला जपानभर मंदिरांत आणि जुन्या वस्त्यांत आग विझवण्याची कवायत होते. आपला प्रजासत्ताक दिन आणि त्यांची ही कवायत एकाच तारखेला येते, त्यामुळे ती तारीख आता मला दोनदा आठवते.

तो कायदा मात्र एकेका इमारतीसाठी होता. साठच्या दशकात जपान झपाट्याने श्रीमंत झालं आणि त्याच झपाट्याने जुनी गावं पाडू लागलं. तेव्हा आधी सरकार नव्हे, गावं जागी झाली. शेजारच्या नागानो प्रांतातल्या त्सुमागो या ओस पडत चाललेल्या गावाने १९७१ मध्ये आपला जाहीरनामा केला: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. १९७५ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन अख्खी वस्ती जपण्याची सोय झाली आणि पुढच्या वर्षी पहिल्या सात वस्त्यांत त्सुमागोचं नाव आलं. मिनोची पेठ १९९९ मध्ये त्या यादीत गेली. आज देशभरात अशा सव्वाशेहून अधिक वस्त्या आहेत.

या व्यवस्थेत पुढाकार नगरपालिकेचा असतो. हद्द ती आखते, नियम ती करते, आणि मग केंद्राकडे निवडीसाठी अर्ज जातो. वरून कुणी येऊन पाटी ठोकत नाही. नियम बाहेरच्या अंगाला लागू होतात. रस्त्यावरून दिसणारं छप्पर, भिंत, जाळी यांत बदल करायचा तर परवानगी हवी. आत गॅस, वातानुकूलन, नवा संडास, हवं ते करा. जुनं घर दुरुस्त करताना खर्चाचा मोठा भाग सरकारी अनुदानातून येतो. मधेच एखादं सिमेंटचं घर असेल तर त्याचं दर्शनी रूप शेजाऱ्यांशी जुळवून घ्यायलाही मदत मिळते. आणि काम करायला सुतार लागतो, म्हणून सुतारही टिकतो. मला वाटतं, या सगळ्यात कळीची गोष्ट हीच आहे. नुसत्या बंदीने घर वाचत नाही. मालकाला गळकं छप्पर दुरुस्त करणं परवडलं पाहिजे, आणि ते शाकारणारा माणूस गावात असला पाहिजे.

हे सारं सोन्यासारखं आहे असं मात्र समजू नका. जपानमध्ये २०२३च्या पाहणीत सुमारे नव्वद लाख घरं रिकामी निघाली. दर सातातलं जवळजवळ एक. मिनोतही कुलपं दिसतात. क्योतोत राखीव हद्दीबाहेरची जुनी लाकडी घरं दरवर्षी शेकड्यांनी जातात. ज्या आजींकडून मी कागद घेतला त्यांची मुलं नागोयात असतात. दुकान पुढे कोण चालवणार, असं मी विचारलं नाही. त्यांनीच खांदे उडवले.

आणि जुन्नर? आपला जुन्नर मिनोपेक्षा कितीतरी जुना. सातवाहनांच्या काळात नाणेघाटातून कल्याण-सोपाऱ्याचा माल चढायचा. तिथला दगडी रांजण जकातीचा, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. तिथल्या लेखांत यवन दात्यांची नावं आहेत. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, लेणं आणि पाण्याचं टाकं दिल्याची नोंद आहे, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे. पेठेने एकत्र येऊन पैसा उभारायचा आणि तो टिकेल असा गुंतवायचा, हे आपल्याच डोंगरांत कोरलेलं आहे. त्सुमागोच्या लोकांनी १९७१ मध्ये केलं ते याहून फार वेगळं नव्हतं.

दगड आपण सांभाळतो. २०१८ मध्ये जुन्नर पर्यटन तालुका जाहीर झाला. यंदाच्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नोंद केली, त्यात शिवनेरी आहे. बातमी आली तेव्हा मी इथे एकटीनेच पुरण शिजवलं. राष्ट्रीय स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामाला मनाई आणि पुढच्या दोनशे मीटरांत परवानगीची अट आहे. पण स्मारकाभोवती वर्तुळ काढणाऱ्या त्या कायद्यात राहत्या घराचा मालक फक्त परवानगी मागणारा असतो. शिवनेरी चढून उतरलेला माणूस खाली गावात येतो तेव्हा त्याला दाखवायला लाकडाची, मातीची, पांढऱ्या भेंड्यांची पेठ किती उरली आहे? आमचा वाडा २००९ मध्ये पाडला. भावाभावांत वाटणी झाली, छप्पर गळत होतं, सागवान विकत घेणारा दारात उभा होता. आमच्यातल्या कुणाचीच चूक नव्हती, आणि तुळया ट्रकवर चढताना माझी आई आतल्या खोलीतून बाहेर आली नाही.

आई मूळची आंबेगावची. तालुक्याला ज्याचं नाव आहे ते गाव दिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. कचेऱ्या घोडेगावात, बाजार मंचरला, आणि नाव हुतात्मा बाबू गेनू सागराच्या तळाशी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या खुणा वर येतात, तेव्हा आई ‘माहेर दिसतंय’ म्हणायची.

याच गिफू प्रांतात तोकुयामा नावाचं खेडं होतं. साडेचारशेहून अधिक घरांचं. २००८ मध्ये धरण पुरं झालं, साठ्याने जपानमधलं सर्वांत मोठं, आणि खेडं बुडालं. तिथल्या मासुयामा ताझुको यांचा नवरा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश-इम्फाळच्या आघाडीवर बेपत्ता झाला होता. गाव बुडणार हे पक्कं झालं तेव्हा साठीच्या या बाईंनी साधा कॅमेरा घेतला आणि घरं, वाटा, शेजारी, लग्नं, मयती, सगळ्यांचे फोटो काढत सुटल्या. नवरा कधी परत आलाच तर गाव कसं होतं ते त्याला दाखवता यावं म्हणून. २००६ मध्ये त्या वारल्या, तोवर लाखाच्या आसपास फोटो झाले होते.

मी डिसेंबरात येते आहे. कल्याण पेठेत उरलेल्या घरांची मापं घ्यायची आहेत, दारांचे, कोनाड्यांचे, खांबांचे फोटो काढायचे आहेत. मोजपट्टी धरायला कुणी आलं तर बरं होईल. आणि एक मागणं आंबेगावच्या वाचकांकडे. जुन्या आंबेगावच्या बाजारपेठेचा एकही फोटो आमच्या घरात नाही. कुणाच्या लग्नाच्या वरातीमागे, शाळेच्या फोटोच्या कडेला ती गल्ली आली असेल तर मला दाखवा. मूळ फोटो मागणार नाही, तुमच्या ओसरीवर बसूनच त्याची प्रत काढून घेईन.

आपली,
नागोयाची वार्ताहर