आजीचं डोहाळजेवण आणि तुम्ही

तुमच्या आईच्या आईला सातवा महिना लागला, तिला झोपाळ्यावर बसवून डोहाळजेवण घातलं, ओटी भरली, त्या दिवशी तुम्हीही तिथे होतात. निदान अर्धे तरी. आजीच्या पोटात जी मुलगी वाढत होती, म्हणजे तुमची आई, तिच्या इवल्याशा अंडाशयात लाखो कच्ची स्त्रीबीजं तोवर तयार झालेली होती. मुलीचा गर्भ साधारण पाच महिन्यांचा होतो तेव्हा या बीजांची संख्या सर्वांत जास्त, ६० ते ७० लाख असते. जन्मापर्यंत १० ते २० लाख उरतात आणि साऱ्या आयुष्यात पिकून बाहेर पडतात ती चारशेच्या आसपास. त्यांतलं एक तुमचं. तुमचा जन्म होईपर्यंत ते कित्येक वर्षं आईच्या देहात थांबून राहिलं होतं. आजी, आई आणि तुम्ही, तिघं त्या दिवशी एकाच झोपाळ्यावर.

आईकडून २३ गुणसूत्रं येतात आणि वडिलांकडून २३, हे शाळेत शिकलेलं असतं. पण बीजाबरोबर आणखी एक ऐवज येतो: मायटोकाँड्रिया, पाठ्यपुस्तकातल्या तंतुकणिका. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या कणांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो. फक्त १६,५६९ अक्षरांचा, ३७ जनुकांचा. वडिलांच्या शुक्राणूतही तंतुकणिका असतात, पण बीजात शिरल्यावर त्या नष्ट होतात. आईच्या तेवढ्या राहतात. आई, आजी, पणजी, खापरपणजी अशी ही ओळ हजारो वर्षं मागे जाते. आपल्या घरच्या वंशावळीत खापरपणजोबांचं नाव सापडतं, त्यांच्या बायकोचं बहुधा सापडत नाही. तिची नोंद कागदावर नसेल, पण आपल्या पेशीपेशीत ती आहे.

मुलगा हा ऐवज आईकडून घेतो, पण पुढे देऊ शकत नाही. ज्या बाईला फक्त मुलगे झाले, तिची ही ओळ तिथेच थांबते. मुलगीच झाली म्हणून ज्या बायकांनी आयुष्यभर ‘वंश खुंटला’ हे शब्द ऐकले, त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

वंशाचा दिवा म्हणतात तो वाय गुणसूत्रापुरता खरा आहे. वाय बापाकडून मुलालाच मिळतं, आडनावासारखं. नेट्टी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधिकेने १९०५ साली पिठातल्या अळीच्या जातीत या गुणसूत्राचा लिंगनिश्चितीशी असलेला संबंध ओळखला. आता त्याचा आकार पाहा. माणसाचं वाय सुमारे ६ कोटी अक्षरांचं. मुलीला बाप वायऐवजी एक्स देतो आणि ते १५ कोटींहून अधिक अक्षरांचं असतं. उरलेली २२ गुणसूत्रं मुलाला आणि मुलीला सारखीच. म्हणजे बापाचा डीएनए मुलापेक्षा मुलीकडे जास्त जातो! हे प्रथम लक्षात आलं तेव्हा मी कागद घेऊन बेरीज पुन्हा करून पाहिली होती.

जमिनीची बेरीज मात्र वेगळी झाली. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. ‘सपिंड’ या शब्दाचा त्याने लावलेला अर्थ आजही थक्क करतो. सपिंड म्हणजे एकाच शरीराचे अंश ज्यांच्यात आहेत ते, आणि हे अंश आईकडूनही येतात. सूक्ष्मदर्शक नसलेल्या काळात त्याने हे लिहिलं. तरी वडिलोपार्जित जमिनीत जन्मसिद्ध हक्क राहिला तो मुलग्यांचाच. तो मुलींनाही देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली, पण आधीच लग्न झालेल्या मुली तीत नव्हत्या. देशभरच्या कायद्यात हा बदल व्हायला २००५ उजाडलं. त्या वेळी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. आणि तरीही सातबाऱ्यावर वारसनोंद करायची वेळ आली की बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवलं जातं, माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. हे मला अन्यायाचं वाटतं.

‘वारस’ हा शब्दच मुळात अरबी. आपल्याकडे तो रक्ताने आला नाही, दरबार आणि दप्तरांच्या वाटेने आला. वारशाच्या अशाही वाटा असतात आणि त्या जनुकांच्या वाटेपेक्षा कितीतरी रुंद असतात. दहा पिढ्या मागे जा. कागदावर १,०२४ पूर्वज होतात. प्रत्येक पिढीत गुणसूत्रांचे तुकडे होऊन ते नव्याने जुळतात, आणि दहाव्या पिढीपर्यंत इतके थोडे तुकडे उरतात की त्या पूर्वजांपैकी साधारण निम्म्यांचा एकही तुकडा आपल्यात नसतो. ते आपले सख्खे पूर्वज, पण देहात त्यांची खूण नाही. त्यांची बोली मात्र आपल्या तोंडात असू शकते.

कोकणातले बेने इस्राएल पाहा. त्यांचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, असं त्यांची परंपरा सांगते. घाण्यावर तेल गाळायचं आणि शनिवारी काम बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. आडनावं दिवेकर, पेणकर, रोहेकर. त्यांच्या डीएनएच्या अभ्यासांतून दिसलं की बापांची ओळ मध्यपूर्वेकडे जाते आणि आयांची ओळ मुख्यत्वे भारतातली आहे. एलियाहू हानाबी या प्रेषिताच्या नावाने ते मलिदा करतात. गोड पोहे, त्यात ओलं खोबरं आणि फळं. प्रेषित दूरदेशीचा, पोहे-खोबरं कोकणच्या स्वयंपाकघरातलं. पहिल्यांदा कुणी हे ताट मांडलं ते लिहिलेलं नाही, पण त्या ताटात दोन्ही ओळी दिसतात. इस्राएलला गेलेल्या कुटुंबांतही मलिदा होतो.

आणि ओवी. जात्याच्या दोन बाजूंना दोघी बसायच्या, एकच खुंटा धरायच्या, आणि दळण सरेपर्यंत गायच्या. मुलगी हे आईकडून शिके, तंतुकणिकांच्याच ओळीने. मग तिचं लग्न होई आणि सासरच्या जात्यावर समोर सासू बसे, जाऊ बसे. माहेरची ओवी तिथे रुजे, सासूची ओवी हिच्या तोंडी येई, आणि दोन्ही पुढे हिच्या लेकीकडे जात. सासूकडून सुनेकडे! रक्ताचं नातं नसलेल्या दोन बायकांमधली ही वाट कुठल्याही जनुकाला चालता आलेली नाही. वारशाबद्दल जे काही मी वाचलं, त्यात मला सर्वांत विलक्षण हेच वाटतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत फिरून अशा १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. सीतेच्या, पंढरीच्या, भावाच्या, बाबासाहेबांच्या. लिहिता न येणाऱ्या बायकांनी त्या पाठ ठेवल्या होत्या.

पिठाची गिरणी गावात आली आणि दोघींनी समोरासमोर बसणं संपलं. जात्यावर दळलेल्या बायका आता ऐंशीच्या घरात आहेत. तुमच्या घरात, शेजारी, गावाकडे अशी कुणी असेल तर या सुट्टीत तिच्यापाशी बसा, फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि प्रत्येक ओवीनंतर विचारा: ही तुम्हाला आईने दिली, की सासूबाईंनी?