पावणेसात म्हणजे नेमके किती?

गेल्या दिवाळीत आई बोरिवलीहून आमच्याकडे खडोलीला यायला निघाली. फोनवर नातवाला म्हणाली, "बाळा, गाडी पावणेसातला वापीला पोचते. घ्यायला ये हं." नातू कॉलेजात, गणितात हुशार. तो बरोब्बर सव्वासातला स्टेशनवर हजर! पावणे म्हणजे पाव, आणि पुढे सात. म्हणून सात-पंधरा, असा त्याचा हिशेब. आजी बाकावर शांतपणे बोटांवर जप करत बसली होती. "तुझी वाट बघता बघता पाच माळा झाल्या रे," एवढेच म्हणाली.

"माळ तर हातात नव्हती. एकशेआठ मोजलेस कसे?" घरी आल्यावर त्याने विचारले.

तिने हात पुढे केला. अंगठा सोडला तर चार बोटे, प्रत्येकाला तीन पेरे. अंगठा पेरांवरून फिरवला की बारा होतात. अशा नऊ फेऱ्या म्हणजे १०८. दर फेरीला दुसऱ्या हाताचे एक बोट मिटत गेलो, तर पाच बोटांत साठ!

साठाची ही मोजणी बाबिलोनमध्ये चार हजार वर्षांपूर्वी होती. आपल्या घड्याळातली ६० मिनिटे तिथूनच आली. ती पेरांवरून सुरू झाली असावी, असे काही अभ्यासक मानतात. पण साठाचा खरा गुण वाटणीत आहे. दहाचे निम्मे होतात, पण पाव किंवा तिसरा हिस्सा काढायचा तर अपूर्णांक येतो. साठाचे दोन, तीन, चार, पाच, सहा असे सारखे भाग सहज पडतात. पाच सोडले तर चोवीसचेही तसेच, म्हणून तर कारखान्यात आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या नीट बसतात. फ्रान्सने १७९३ मध्ये दिवसाचे १० तास आणि तासाची १०० मिनिटे करून पाहिली. १७९५ मध्येच तो प्रयोग गुंडाळावा लागला.

आपल्या पंचांगातही साठच. दिवसाच्या ६० घटका, घटकेची ६० पळे. म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. आजी अर्धा तास थांबली, म्हणजे सव्वा घटका!

पैशांत मात्र सोळा होते. भारतात १९५७ पर्यंत रुपयाचे १६ आणे होते. आपल्या सिल्वासात १९५४ पर्यंत पोर्तुगीज अंमल होता. त्यांच्याही रुपयाचे १६ 'तांगा' होत आणि एका तांग्याचे ६० रेइस. सोळाचे निम्मे आठ, त्याचे निम्मे चार. पाव, अर्धा, पाऊण हे हिशेब तोंडी व्हायचे.

आणे गेले, शब्द राहिले. 'पाऊण' म्हणजे पाव उणे, पावाने कमी. पावणेसात म्हणजे सातला पाव तास कमी. एकोणसाठमध्येही तेच 'उणे' लपले आहे: साठाला एक कमी. हे कळल्यावर चिरंजीव म्हणाले, "मग हे पाठ करायची गरजच नाही!"

आज रात्री जेवताना तुमच्याकडेही विचारून पाहा: पाऊण वाजला म्हणजे किती? दीड आणि अडीच म्हणजे किती? कुणी 'साडेएक' म्हणाले तर हसू नका. हात पुढे करा आणि पेरांपासून सुरुवात करा.