उसना दिवस

अंबड तालुक्यातल्या आमच्या गावी वडिलांची चार एकर कोरडवाहू जमीन होती आणि बैल एकच. एका बैलावर वखर चालत नाही. शेजारच्या काकांकडेही एकच बैल होता. दोघांनी मिळून जोडी केली, दोन दिवस आमच्या रानात, दोन दिवस त्यांच्या. याला सावड म्हणतात. चारा ज्याचं रान त्याने घालायचा, पैशाची भाषा नाही.

बायकांचा असाच व्यवहार म्हणजे वारंगुळा. आठ जणी एकत्र येत. आज हिच्या कापसात खुरपणी, उद्या तिच्या. आठ दिवसांत आठ शेतं निंदून होत आणि मजुरीचा एक पैसा कुणाला मोजावा लागत नसे. इर्जिकीची तऱ्हा थोडी निराळी. तिथे सगळे आपापली औतं घेऊन एकाच्या शेतात उतरत आणि त्याने सर्वांना पोटभर जेवू घालायचं.

श्रोतेहो, हे सांगायचं कारण म्हणजे अलीकडे 'टाइम बँक' हा शब्द कानावर येतो. मी शेजाऱ्यासाठी एक तास काम केलं की माझ्या खात्यावर एक तास जमा होतो. तो तास मी त्याच्याकडूनच परत घ्यावा असं नाही. तिसऱ्या कुणाकडूनही घेता येतो. वारंगुळ्यापेक्षा यात नवं आहे ते एवढंच. ओसाका शहरातल्या तेरुको मिझुशिमा या गृहिणीने १९७३ साली अशी श्रमबँक सुरू केली. अमेरिकेत एडगर कान या वकिलाला १९८० साली हृदयविकाराचा झटका आला. अंथरुणावर पडल्या पडल्या आपण आता निरुपयोगी झालो, हा विचार त्यांना छळू लागला आणि त्यातून त्यांनी तासांच्या चलनाची कल्पना मांडली. त्यात वकिलाचा तास आणि झाडूवालीचा तास यांची किंमत सारखीच. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलन शहरात २०१४ पासून धडधाकट ज्येष्ठ मंडळी आपल्याहून थकलेल्यांची सोबत करून तास साठवतात. बँक बुडाली तर काय, या प्रश्नावर तिथे नगरपालिकाच हमी देते. आपल्याकडे मध्य प्रदेश सरकारनेही २०१९ साली अशी योजना हाती घेतली होती.

कुणी म्हणेल, ही तर आपली बलुतेदारी. मला ते मान्य नाही. बलुत्यात काम जन्माने ठरायचं, धान्याचं माप दुसऱ्याच्या हाती असायचं आणि नको म्हणायची सोय नव्हती. सावडीत दोघे बरोबरीचे असतात. श्रमदानही वेगळं. आपल्या जालना तालुक्यातल्या कडवंचीने इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात श्रमदान करून पाणी अडवलं आणि पुढे द्राक्षांनी नाव काढलं. पण ते देणं साऱ्या गावाला होतं. अमुकचे चार दिवस परत फेडायचे, असा हिशेब त्यात नसतो.

वारंगुळ्याचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरू नये. ज्याची चूल संध्याकाळच्या मजुरीवर पेटते, त्याला उसना दिवस परवडत नाही. भूमिहीन बाई वारंगुळ्यात कधी नसायचीच. म्हणून टाइम बँकेच्या नावाखाली कुणाची मजुरी बुडवू नये. प्लंबरने आपला धंद्याचा तास वहीत घालायचा की नाही, ते त्यानेच ठरवावं.

आणि सगळे तास खरंच सारखे असतात का? पाऊस पडून वाफसा आला की तिफण आधी कुणाच्या रानात, यावरून आमच्या वडिलांची आणि काकांची दरवर्षी कुरबूर व्हायची. मृगातला एक दिवस चैत्रातल्या चार दिवसांना भारी. शेवटी ठरलं, एक वर्ष पहिली पाळी तुमची, दुसऱ्या वर्षी आमची. अशी तडजोड आधीच करून ठेवावी लागते.

एका पावसाळ्यात अम्मा विषमज्वराने पडली. तिचे पाच दिवस फेडायचे राहिले होते, तरी आठव्या दिवशी सगळ्या जणी आमच्या कापसात हजर. काकू दारातूनच म्हणाल्या, "भाभी, तुम्ही उठू नका, दिवस कुठं पळून चाललेत?" अम्माने ते दिवस उन्हाळ्यात फेडले. कुणाच्या शेवया, कुणाच्या कुरडया, कुणाची गोधडी. पाचव्या दिवशी घरी येऊन तिने वडिलांना सांगितलं, "झाले." इतका मोकळा चेहरा मी तिचा क्वचितच पाहिला.

पुढे ट्रॅक्टर आले, बैल गेले, माणसं ऊसतोडीला नाहीतर शहरात गेली. मीही जालन्यात आलो. आमच्या गल्लीत एक निवृत्त हिशेबनीस एकटेच राहतात, मुलं पुण्यात. डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख त्यांनी दोनदा चुकवली. मी विचारलं, तेव्हा खाली बघत म्हणाले, "सोबत कुणाला फुकट कसं नेऊ?" त्यांना माणसांची वाण नव्हती, मागायची लाज वाटत होती. हिशेबाची वही लागते ती इथे. वसुलीपेक्षा मागणं सोपं व्हावं म्हणून.

मग आम्ही बारा घरांनी दोनशे पानी वही केली. एका बाजूला 'मला काय येतं', दुसऱ्या बाजूला 'मला काय हवं'. दहा तासांपेक्षा जास्त उधारी कुणाची नाही. मला अर्ज लिहिता येतात, सातबारा वाचता येतो. कोपऱ्यावरच्या भाभी शिवण शिकवतात. सोनाराचा मुलगा मोबाइलवर फॉर्म भरून देतो. दोन घरांनी महिन्याभरातच अंग काढून घेतलं; त्यांना तास मोजणं कोतेपणाचं वाटलं. वाटू शकतं. त्यांचं अडलं तर आम्ही वही न उघडता जातो.

हिशेबनीस काकांचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात सोबत गेल्याचे माझे चार तास जमा झाले. पण ते माझ्या नातवाला रोज संध्याकाळी अर्धा तास गणित शिकवतात. परवा त्यांनीच बेरीज करून दाखवली. वहीत माझ्याकडे आता साडेसहा तास येणं निघतं.