कोण कुठे उभं राहणार? मोबाइलवर अमेरिकन फुटबॉलचा संघ मांडताना

मे महिन्यातलं चेन्नई तुम्ही अनुभवलं असेल, तर सकाळी अकरानंतर घराबाहेर पाऊल टाकवत नाही हे तुम्हाला सांगायला नको. अशाच एका सुट्टीत माझा मावसभाऊ सांगलीहून आमच्याकडे राहायला आला होता. नुकताच दहावीत गेलेला. शाळेच्या कबड्डी संघात खेळणारा, पण इथे आल्यापासून फोनमध्ये डोकं घालून बसलेला. तिसऱ्या दिवशी त्याची कुरकुर ऐकू आली, "ताई, माझी टीम सलग सातवी मॅच हरली. आणि लीगमधला सगळ्यात भारी प्लेअर माझ्याकडे आहे!"

तो खेळत होता अमेरिकन फुटबॉलचा मॅनेजमेंट गेम. या प्रकारच्या गेममध्ये धावायचं, फेकायचं काम तुमचं नसतं, तर संघ बांधायचं असतं. कोणाला घ्यायचं, किती पगार द्यायचा, कोणाला कुठे उभं करायचं हे तुम्ही ठरवता आणि सामन्याचा निकाल कॉम्प्युटर हिशेब करून सांगतो. ब्राउझरवर चालणारा 'फुटबॉल जीएम' हा असाच एक गेम. 'रेट्रो बोल'मध्ये संघही सांभाळायचा असतो आणि चढाई करताना चेंडूही तुम्हीच फेकायचा असतो.

तुमच्या घरातही कोणी असा गेम खेळत असेल किंवा तुम्हालाच खेळून बघावासा वाटत असेल, तर आधी थोडा खेळ समजून घेऊया.

आधी खेळ, मग मांडणी

अमेरिकन फुटबॉल हा पायाने खेळायचा आपला फुटबॉल नव्हे. मैदान १०० यार्डांचं, दोन्ही टोकांना १० यार्डांचा एकेक 'एंड झोन'. एका वेळी प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात. चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचं असतं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू दुसऱ्या संघाकडे. चेंडू घेऊन एंड झोनमध्ये पोहोचलात की टचडाउन, म्हणजे ६ गुण. खांबांमधून लाथेने मारलात तर फील्ड गोल, त्याचे ३ गुण.

कबड्डी आठवा. तिथेही एक बाजू चढाई करते, दुसरी पकड करते. फरक असा, की कबड्डीत तेच सात जण दोन्ही कामं करतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये चढाईचे ११ वेगळे आणि बचावाचे ११ वेगळे. म्हणून अमेरिकेतल्या व्यावसायिक संघात तब्बल ५३ खेळाडू असतात.

आणि हा खेळ आपल्याला अगदीच परका नाही बरं का. २०१२ मध्ये भारतात 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया' सुरू झाली होती. तिच्यात मुंबई ग्लॅडिएटर्स होते, पुणे मराठाज होते आणि पहिल्या हंगामाचं विजेतेपद पुण्यानेच पटकावलं होतं.

चढाईचे अकरा

आता मांडणीकडे येऊ. चढाईत क्वार्टरबॅक हा सूत्रधार. चेंडू त्याच्या हातात येतो आणि तो फेकायचा की धावणाऱ्याला द्यायचा, हे दोन-तीन सेकंदांत ठरतं. त्याच्या पुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात, ती ऑफेन्सिव्ह लाइन. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडेला टॅकल.

हे झाले सहा. उरलेल्या पाच जागांवर तुमची खरी निवड असते. चेंडू घेऊन धावणारे रनिंग बॅक, लांबचा चेंडू झेलणारे वाइड रिसीव्हर आणि दोन्हीकडे हात लावणारा टाइट एंड. धावून यार्ड मिळवायचे असतील तर रनिंग बॅक आणि टाइट एंड वाढवा. फेकून मिळवायचे असतील तर तीन-चार रिसीव्हर घ्या. फक्त एक नियम लक्षात ठेवा, रेषेवर किमान सात खेळाडू असावेच लागतात.

बचावाचे अकरा

बचावाच्या मांडण्यांना आकड्यांची नावं असतात. '४-३' म्हणजे पुढच्या फळीत चार, त्यांच्यामागे तीन लाइनबॅकर. '३-४' म्हणजे याच्या उलट. दोन्हींत मागे चार जण राहतात. समोरचा संघ सारखा फेकतच असेल, तर पुढचा एक कमी करून मागे पाचवा ठेवतात. या मांडणीला 'निकल' म्हणतात, कारण अमेरिकेत पाच सेंटच्या नाण्याला निकल म्हणतात!

म्हणजे 'सगळ्यात चांगली मांडणी कोणती?' या प्रश्नाला उत्तर नाही. समोर कोण आहे आणि तुमच्याकडे कोण आहे, त्यावर ती ठरते. घरात चार पाहुणे आले की आई डब्यात काय शिल्लक आहे ते बघून बेत ठरवते, तसंच.

भावाचं काय चुकत होतं?

मी त्याचा संघ उघडून पाहिला. पगारावर मर्यादा होती आणि त्यातला मोठा वाटा त्याने एकट्या क्वार्टरबॅकवर खर्च केला होता. पुढच्या फळीत मिळतील ते स्वस्तातले पाच. त्यामुळे चेंडू हातात येताच प्रतिस्पर्धी आत घुसायचे आणि तो महागडा खेळाडू फेकायच्या आधीच जमिनीवर.

दुसरी चूक गमतीची होती. एका उत्तम लाइनबॅकरला त्याने टाइट एंड करून टाकलं होतं, कारण 'रेटिंग ८० आहे ना'. अशा बहुतेक गेममध्ये खेळाडूचं रेटिंग जागेनुसार बदलतं. एका जागी ८० असलेला दुसऱ्या जागी ४० सुद्धा नसतो.

खऱ्या मैदानावर याची किंमत फार मोठी असते. १८ नोव्हेंबर १९८५ रोजी वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमन याला लॉरेन्स टेलरने पाडलं. थाइसमनचा पाय मोडला आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली. उजव्या हाताने फेकणाऱ्याला डावीकडून येणारा दिसत नाही. ती आंधळी बाजू राखणारा म्हणजे लेफ्ट टॅकल. पुढे या जागेचं मोल खूप वाढलं. मायकल लुईस यांच्या २००६ च्या 'द ब्लाइंड साइड' या पुस्तकात हीच गोष्ट सांगितली आहे.

जागा बदलून आयुष्य बदलल्याचंही उदाहरण आहे. ज्युलियन एडलमन कॉलेजात क्वार्टरबॅक होता. २००९ च्या निवडीत त्याचा क्रमांक लागला २३२ वा. न्यू इंग्लंडच्या संघाने त्याला रिसीव्हर केलं आणि २०१९ च्या सुपर बोलमध्ये तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणजे जागा बदलावी, पण खेळाडूचे गुण पाहून.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर

• आधी पुढची फळी भक्कम करा, मग नावाजलेले खेळाडू घ्या.
• एकूण रेटिंग पाहू नका, त्या जागेचं रेटिंग पाहा.
• प्रत्येक महत्त्वाच्या जागेला एक राखीव खेळाडू ठेवा. दुखापती होतातच.
• एक हरलात की लगेच सगळं बदलू नका. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे कशामुळे फरक पडला ते कळेल.
• मुलं खेळत असतील तर दुकानाचं बटण तुमच्या ताब्यात ठेवा. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ वेगळे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा केला आहे. संघ बांधण्याच्या गेममध्ये पैज नसते, पण 'विकत घ्या' म्हणणारे बरेच असतात.

आणि मुलांना खेळ खरोखर आवडलाच, तर फ्लॅग फुटबॉल बघायला सांगा. पाच-पाच जणांचा, धक्काबुक्की नसलेला. कमरेची पट्टी ओढली की पकड झाली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये तो असणार आहे आणि क्रिकेटसोबत त्याला मंजुरी मिळाली ती मुंबईतल्या ऑक्टोबर २०२३ च्या बैठकीत.

आणि कबड्डीचं?

एका संध्याकाळी इलियट्स बीचवर बसलो असताना भावाने खरी गोष्ट सांगितली. शाळेच्या संघात तो डावा कॉर्नर. सर त्याला चढाईला पाठवतच नाहीत. टाळ्या रेडरला, पेपरात नाव रेडरचं. म्हणून यंदा संघ सोडायचा, असं त्याने ठरवलं होतं. घरी कोणालाच माहीत नव्हतं.

मी उपदेश केला नाही. काय बोलावं हेही कळत नव्हतं. "चढाईचा सराव करून बघू का, असं सरांना विचारलंस का?" एवढंच म्हटलं. विचारलं नव्हतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर त्याचा फोन आला. सरांनी रोज वीस मिनिटं चढाईचा सराव करायला सांगितलंय. सामन्यात मात्र सध्या कॉर्नरच. आवाज बरा वाटत होता. ठेवता ठेवता म्हणाला, "ताई, माझ्या टीममध्ये आता सगळ्यात जास्त पगार कोणाला आहे, सांग?"

"क्वार्टरबॅकला?"

"छे! लेफ्ट टॅकलला."