जोकासी सरोवरातील धबधबे

धबधबा पाहावयाचा म्हणजे कड्याच्या टोकाशी जाऊन खाली वाकून पाहावयाचा, नाहीतर दरी उतरून पायथ्याशी उभे राहावयाचे आणि मान वर करावयाची, हे दोनच प्रकार बहुतेकांच्या परिचयाचे असतात. तिसरा प्रकार विरळा आहे. तो म्हणजे सरोवराच्या संथ पाण्यावरून नाव वल्हवीत थेट प्रपाताच्या पायाशी जाण्याचा. अमेरिकेतील साउथ कॅरोलायना संस्थानाच्या वायव्य कोपऱ्यात जोकासी नावाचे डोंगरी सरोवर आहे. तेथे हा प्रकार नित्याचा आहे. परंतु नावेतून हे धबधबे पाहणाऱ्याच्या ध्यानात एक गोष्ट सहसा येत नाही. त्याला जो दिसतो, तो ओढ्याच्या उताराचा केवळ वरचा भाग होय. उरलेला उतार आणि ज्या दरीत तो ओढा पूर्वी मिळत असे ती दरी, दोन्ही त्याच्या नावेखाली असतात.

या प्रदेशाची ठेवण सह्याद्रीची आठवण करून देणारी आहे. घाटमाथा जसा कोकणाच्या बाजूस एकाएकी तुटतो, तशीच ब्लू रिज ही डोंगररांग येथे थोड्याच मैलांच्या अंतरात सुमारे २,००० फूट खाली उतरते. दक्षिणेकडून येणारे बाष्पयुक्त वारे या भिंतीवर आदळून वर चढतात, थंड होतात, आणि या घळींच्या काही भागांत वर्षाकाठी ७५ इंचांहून अधिक पाऊस पडतो. व्हाइटवॉटर, थॉम्पसन, हॉर्सपाश्चर आणि टॉक्सावे या चार नद्या हा कडा उतरून येतात. पैकी व्हाइटवॉटरचा वरचा प्रपात तर ४११ फुटांचा आहे.

येथील खडक पट्टिताश्म जातीचा, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा आणि फार कठीण आहे. मोठ्या नद्यांना पाणी पुष्कळ, म्हणून त्यांनी आपली पात्रे खोल कोरून काढली. त्यांना मिळणाऱ्या लहान ओढ्यांच्या अंगी तेवढे बळ नव्हते. त्यामुळे ओढ्यांची मुखे उंचावरच राहिली आणि नदीला भेटण्यासाठी त्यांना उड्या घेत खाली यावे लागले. जोकासीचे धबधबे जन्मले ते असे.

सरोवर मात्र निसर्गाचे नव्हे. ड्यूक पॉवर या वीज कंपनीने बांधलेले सुमारे ३८५ फूट उंचीचे धरण १९७३ साली पुरे झाले आणि सुमारे ७,५०० एकरांवर पाणी पसरले. पाणी चढत गेले तसतसे ते प्रत्येक घळीत शिरले आणि ओढ्यांच्या उतारापर्यंत जाऊन थांबले. एरवी दाट अरण्य आणि निसरडे खडक तुडवून जेथे जावे लागले असते, तेथे आता नाव जाते.

लॉरेल फोर्क हा यांतील सर्वांत नावाजलेला धबधबा. त्याच्या शेवटच्या उडीपुढे खडकांनी वेढलेली चिंचोळी खाडी आहे. वळण घेऊन आत शिरेपर्यंत पाणी दिसत नाही, मात्र त्याचा घोष आधीच कानी येतो. राइट क्रीकचा धबधबा टप्प्याटप्प्याने उतरतो. सरोवर तुडुंब असले म्हणजे त्याचा खालचा टप्पा पाण्याखाली जातो. पातळी उतरली की तोच पुन्हा उघडा पडतो. एकाच धबधब्याची उंची निरनिराळ्या दिवशी निरनिराळी भरते, ती यामुळे.

ही पातळी केवळ पावसाने बदलत नाही. जोकासीच्या खाली कीओवी नावाचे दुसरे सरोवर आहे. विजेची मागणी वाढली की जोकासीचे पाणी यंत्रांतून खाली सोडतात. मागणी कमी झाली की तीच यंत्रे उलट फिरवून पाणी पुन्हा वर चढवितात. १९९१ साली सुरू झालेल्या बॅड क्रीक योजनेत जोकासीचे पाणी आणखी सुमारे १,२०० फूट उंचावरील तलावात नेले जाते. विजेची साठवण करण्याची ही युक्ती महाराष्ट्रातही आहे. २००८ साली पुऱ्या झालेल्या घाटघर येथील २५० मेगावॅटच्या प्रकल्पाचे तत्त्व हेच. तेव्हा शहरातील घराघरांत दिवे लागले, की दूरच्या घळीतील धबधब्याचा पायथा किंचित उघडा पडतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

सरोवरावर उतरण्याची सार्वजनिक सोय डेव्हिल्स फोर्क राज्य उद्यानात आहे. कोणी मोटरबोटीने जातात, कोणी कयाक वल्हवीत. कयाक ही उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांनी शिकारीसाठी घडविलेली अरुंद, हलकी नाव. तिचे वल्हे दोन्ही टोकांना पात्याचे असते. लहान खाडीत शिरावयास तिच्यासारखे वाहन नाही. परंतु दूरच्या धबधब्यांपर्यंत वल्हवीत जाऊन परत यावयाचे तर जवळजवळ सारा दिवस लागतो. म्हणून कयाक मोटरबोटीवर लादून घळीच्या तोंडाशी नेण्याचीही व्यवस्था असते.

येथे सौंदर्याइतकाच धोकाही समजून घेतला पाहिजे. कोसळणारे पाणी आपल्याबरोबर हवा ओढून आणते. ती तळाशी आदळून बाहेरच्या बाजूस वाऱ्यासारखी फुटते, पृष्ठभागावरील पाणीही तिकडेच लोटले जाते, आणि हलकी नाव मागे रेटली जाते. फेसाळ पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळलेले असल्याने त्याची तरंगविण्याची शक्ती कमी असते. पट्टीचा पोहणाराही तेथे फसतो. पावसानंतर वरून ओंडके आणि दगड येतात. ओल्या शेवाळी खडकांवर चढण्याचा मोह तर सर्वांत घातक. उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाटी वादळे उठतात आणि उघड्या सरोवरावर लाटा माजतात. म्हणून पहाटे निघावे, प्राणरक्षक जाकीट अंगावर बांधलेलेच असावे, आणि धबधबा थोड्या अंतरावरून पाहून समाधान मानावे. अंतरावरून तो अधिक पुरताही दिसतो.

आता नावेखालच्या दरीविषयी. तेथे चेरोकी लोकांची वस्ती होती; १७७७ च्या तहाने त्यांना हा मुलूख सोडावा लागला. जोकासी हे नावही त्यांचेच असून त्याचा अर्थ ‘हरवलेलीचे ठिकाण’ असा सांगतात. पुढे तेथे शेते झाली, घरे झाली, प्रवाशांसाठी अटाकुला नावाचे विश्रामगृह झाले. २००४ साली पाणबुड्यांना ते विश्रामगृह सुमारे ३०० फूट खोलीवर सापडले.

एका फुलाची कथा याहून हृदयस्पर्शी आहे. ओकोनी बेल हे पांढरे, घंटेच्या आकाराचे फूल मार्चमध्ये या ओढ्यांच्या काठी उमलते. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंद्रे मिशो याने १७८८ साली या डोंगरांत त्याचे रोप गोळा केले. १८३९ साली पॅरिस येथे ते वाळलेले रोप एसा ग्रे या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या दृष्टीस पडले, आणि त्याने त्याचा ध्यास घेतला. जिवंत रोप नॉर्थ कॅरोलायनात १८७७ साली एका मुलास सापडले. मिशोच्या मूळ प्रदेशात ते पुन्हा मिळावयास १८८६ साल उजाडले. जवळजवळ शंभर वर्षांच्या शोधाने हाती आलेल्या या फुलाच्या मूळ भूमीचा मोठा भाग कीओवी व जोकासी यांच्या पाण्याखाली गेला. उरलेली रोपे उद्यानातील पाऊलवाटेच्या कडेला अद्यापि फुलतात.

वीज हवी, तर पाणी अडविणे ओघानेच आले. त्यासाठी सरोवराला दोष देऊन भागणार नाही. पण ज्या पाण्याने धबधब्याची वाट सोपी केली, त्यानेच दरीची वाट कायमची बंद केली, हा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावयास हवा. लॉरेल फोर्कच्या खाडीत नाव क्षणभर स्थिर करून प्रवाशाने वर पाहावे, तसेच खालीही पाहावे. खाली काही दिसावयाचे नाही. पण तेथे काय होते हे ठाऊक असलेल्याला तो धबधबा अर्धा वाटणार नाही.