पिवळं पान जुनं की नवं?

फिश टँकमधल्या वनस्पती पिवळ्या पडू लागल्या की दोन सल्ले हमखास मिळतात. लाइट वाढवा, नाहीतर लोहाची बाटली आणा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या बोअरच्या जड पाण्यात हे दोन्ही सल्ले बऱ्याचदा वाया जातात. मूळ चूक अशी की पान पिवळं दिसलं एवढ्यावर निदान होतं आणि कोणतं पान पिवळं झालंय, हे कुणी पाहतच नाही.

पिवळेपणा म्हणजे लोहाची कमतरता, हा सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम कमी पडलं की वनस्पती ते स्वतःच्या जुन्या पानांतून काढून नव्या शेंड्याला पुरवते. त्यामुळे या तिघांची कमतरता आधी खालच्या पानांवर दिसते. नत्र कमी असेल तर जुनं पान अख्खं एकसारखं पिवळं होतं. पालाश कमी असेल तर पानावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात, त्यांच्याभोवती पिवळी कड येते आणि भोकं मोठी होत जातात. मॅग्नेशियम कमी असेल तर जुन्या पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग फिकटतो. लोहाचं उलटं आहे. ते एकदा पानात बसलं की तिथून हलत नाही, म्हणून त्याची उणीव शेंड्याच्या कोवळ्या पानांवर उमटते. पान फिकट, जवळजवळ पांढरट आणि शिरा तेवढ्या हिरव्या. खालची पानं पिवळी आणि शेंडा हिरवागार असेल, तर लोहाच्या बाटलीवर पैसे घालवू नका.

शेंडाच पांढरट पडत असेल तर मात्र इथल्या ऊस उत्पादकांना हा प्रकार सांगायला नको. राहुरी, श्रीरामपूर, कोपरगावच्या चुनखडीच्या रानात उसाला केवडा पडतो तो हाच. जमिनीत लोह असतं, पण चुना आणि चढा सामू (पीएच) यामुळे ते मुळांना घेता येत नाही. म्हणून उपलब्ध लोह कमी असलेल्या रानात उसाला हेक्टरी २५ किलो हिराकस (फेरस सल्फेट) देतात, तेही शेणखतात मुरवून. नुसतं टाकलं तर ते जमिनीत अडकून बसतं. टाकीतही नेमकं हेच घडतं. सामू ८ च्या आसपास असलेल्या पाण्यात साधं हिराकस टाकलं, तर थोड्याच वेळात त्याचा तांबूस गाळ होऊन तळाशी बसतो. गंजका खिळा टाकायचा उपायही त्याच कारणाने निरुपयोगी आहे, कारण गंज म्हणजे न विरघळणारं लोह.

चिलेटेड, म्हणजे गाळ होऊ नये म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेलं लोह घेतलं की प्रश्न सुटला, हेही अर्धंच खरं. सगळी चिलेटेड लोहं सारखी नसतात. ईडीटीए प्रकार साधारण साडेसहा सामूपर्यंत तग धरतो, डीटीपीए साडेसातपर्यंत. त्याच्या वर टिकतो तो ईडीडीएचए, फक्त त्याने पाण्याला लालसर छटा येते. पाकिटावर ही अक्षरं वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. ६ टक्के लोहाचा ईडीडीएचए १०० लिटरला एक ग्रॅम टाकला तर पाण्यात लिटरमागे ०.६ मिलिग्रॅम लोह होतं. गरज ०.१ ची असते, म्हणजे ग्रॅमचा सहावा भाग पुरतो.

कृषी सेवा केंद्रातलं कोणतंही विद्राव्य खत चालतं, ही समजूत माशांच्या जिवावर बेतते. १९:१९:१९ मध्ये युरिया आणि अमोनियाच्या रूपातलं नत्र असतं. ३० अंशांच्या पाण्यात सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम एक टक्का विषारी रूपात असतो. सामू ८.२ झाला की तो दहा टक्क्यांच्या पुढे जातो. आपल्याकडचा उन्हाळा आणि आपलं बोअरचं पाणी, दोन्ही इथे माशांच्या विरोधात जातात. १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि ०:०:५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट ही त्या मानाने सुरक्षित. पहिल्याचा एक ग्रॅम १०० लिटरला दिला तर लिटरमागे सुमारे ६ मिलिग्रॅम नायट्रेट आणि ४ मिलिग्रॅम पोटॅशियम मिळतं. कोळंबी किंवा गोगलगायी पाळत असाल तर तांबं असलेली सूक्ष्म अन्नद्रव्यांची मिश्रणं टाळा.

मासे आहेत म्हणजे खत आपोआप मिळतं, हे नत्र आणि स्फुरदापुरतं बरंचसं खरं आहे. पालाश आणि लोह त्यातून पुरेसं मिळत नाही. जुन्या पानांना भोकं पडलेल्या टाक्या त्यामुळेच इतक्या दिसतात.

आता पाण्याकडे वळू. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी झपाट्याने उडतं आणि आपण वरून बोअरचं पाणी भरत राहतो. उडतं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. दर भरणीला पाणी आणखी जड होत जातं आणि मार्चमध्ये ठीक असलेली वनस्पती मे महिन्यात पिवळी पडते. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने घाला. पाणी बदलताना मात्र निव्वळ आरओ वापरू नका. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश जवळजवळ नसतं, म्हणून ते नेहमीच्या पाण्यात मिसळूनच घ्यावं. आरओमधून बाहेर फेकलं जाणारं पाणी तर टाकीत घालूच नका, त्यात क्षार एकवटलेले असतात.

तळाची खडीही तपासा. मूठभर खडे वाटीत घेऊन त्यांच्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाका. बुडबुडे आले तर त्यात चुनखडी आहे आणि ती रोज थोडी थोडी पाण्यात उतरते आहे. नदीपात्रातून आणलेल्या खडीत असे पांढरे खडे सर्रास सापडतात.

लाइट वाढवला की वाढ जोमाने होते, पण अन्नद्रव्यांची भूकही वाढते. कमतरता असलेल्या टाकीत जादा उजेडाने पानं आणखी लवकर पिवळी पडतात आणि शेवाळ माजतं. दिवसाला ६ ते ८ तास पुरे.

नवी वनस्पती आणल्यावर पहिल्या काही आठवड्यांत तिची पानं पिवळी होऊन विरघळली, तर ती मेली असं समजून फेकू नका. रोपवाटिकांत बरीच रोपं पाण्याबाहेर वाढवतात. पाण्याखाली आल्यावर ती जुनी पानं टाकतात आणि पाण्यात चालणारी नवी पानं काढतात. क्रिप्टोकोरीन तर जागा बदलली तरी पानं गाळते. मुळं घट्ट असतील तर थांबा.

पिवळं झालेलं जुनं पान सहसा पुन्हा हिरवंगार होत नाही, म्हणून उपाय लागू पडला की नाही हे त्याच्याकडे बघून ठरवू नका. ते कापून टाका. एका वेळी एकच बदल करा आणि पुढचे दोन-तीन आठवडे फक्त नव्याने येणारी पानं पाहा. एवढं सगळं करूनही बोअरच्या पाण्यात नाजूक लाल वनस्पती जगत नसतील, तर व्हॅलिसनेरिया, हायड्रिला, सेराटोफायलम लावा. जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेण्याची क्षमता त्यांच्यात आहे आणि आपल्याकडच्या तळ्यांत त्या मुळातच वाढतात.